बातमीतला उंदीर मथळ्यातही येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत हळदीतल्या कर्क्युमिनवर एक बातमी होती. हृदयावरचे व्रण हळदीने भरून येतात, अशा अर्थाचा मथळा चार कॉलमभर होता आणि खाली हळकुंडांचा फोटो. बातमी मी तीनदा वाचली. प्रयोग उंदरांवर झाला हे शेवटून दुसऱ्या ओळीत सापडलं. त्या उंदरांना औषध हृदयाला इजा व्हायच्या आधी दिलं की नंतर, हे कुठेच नव्हतं. मी हे पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच.

मी सांगलीत हरिपूर रस्त्याला राहतो. जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहात सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. शिक्षण बारावी सायन्स. पिंजरे धुणं, भाताचं तूस बदलणं, पाण्याच्या बाटल्या, खाण्याच्या गोळ्या, खोलीचं तापमान बावीस अंशांच्या आसपास ठेवणं, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार हे माझं काम. एम.फार्म.ची पोरं मला मामा म्हणायची. पहिल्यांदा उंदीर धरताना त्यांचे हात थरथरायचे. मानेमागची कातडी कशी पकडायची, घट्ट धरूनही त्याचा श्वास कोंडणार नाही हे कसं बघायचं, ते मी शिकवलं. विस्टार जातीचे पांढरे उंदीर, दोनशे-अडीचशे ग्रॅमचे. ओळख पटावी म्हणून पिक्रिक अ‍ॅसिडने अंगावर पिवळी खूण करायची: एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीवर. हळदीच्या गावात पिवळ्या खुणांचे उंदीर सांभाळत माझी नोकरी गेली.

हृदयाच्या प्रयोगाला आमच्याकडे आयसोप्रोटेरेनॉल वापरत. अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीचं रसायन. उंदराचं हृदय मुळातच मिनिटाला तीन-साडेतीनशे ठोके मारतं. या रसायनाचा मोठा डोस दिला की ते असं सुटतं, की स्वतःला लागणारा ऑक्सिजनही त्याला पुरत नाही आणि स्नायूच्या पेशी मरतात. ही पद्धत कॅनडातल्या संशोधकांनी १९५९ साली मांडली आणि आजही देशोदेशी चालते, कारण स्वस्त आहे आणि छाती उघडावी लागत नाही.

आमच्याकडचं नेहमीचं कोष्टक असं असे. चार-पाच गट, एकेका गटात सहा उंदीर. पहिल्या गटाला काहीच करायचं नाही. दुसऱ्याला फक्त इजा करायची. बाकीच्यांना वनस्पतीतून काढलेला घटक कमी-जास्त मात्रेत. सलग अठ्ठावीस दिवस रोज सकाळी तोंडातून नळीने औषध, मग एकोणतिसाव्या आणि तिसाव्या दिवशी कातडीखाली इंजेक्शन, किलोला ८५ मिलिग्रॅम. त्यानंतर हृदय काढून तपासायचं. व्रण बघायचा असेल तर इंजेक्शनची मात्रा कमी करून ते आठवडा-दोन आठवडे रोज द्यायचं, पण औषध तेव्हाही बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून किंवा त्याच्याही आधीपासून चालू.

म्हणजे त्या उंदरांवर घाव पडायच्या आधीच औषध त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

मी एकदा एका विद्यार्थिनीला विचारलं होतं, "पोरी, माणूस तर अटॅक आल्यावर दवाखान्यात जातो. आपण ह्यांना आधीच महिनाभर औषध का देतो?" तिने थोडा विचार केला आणि सरळ सांगितलं, "मामा, आधीच्या पेपरमध्ये तसंच आहे, म्हणून सिनॉप्सिसमध्येही तसंच लिहिलंय." तिचा दोष नाही. तिला दीड वर्षात पदवी घ्यायची होती. आणि अशा प्रयोगाला अर्थ नाही असंही नाही. घटक पेशीला वाचवतो का, कुठल्या वाटेने वाचवतो, हे त्यातून कळतं. पण व्रण पडून गेलेल्या हृदयाचं काय होईल, याचं उत्तर त्यात नाही, आणि बातमी वाचणारा माणूस नेमकं तेच उत्तर शोधत असतो.

दुसऱ्या गटातले उंदीर मला अजून आठवतात. इंजेक्शन दिल्यावर ते कोपऱ्यात पाठ वाकवून बसायचे, अंगावरचे केस उभे, खाण्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. पहिल्या रात्रीत एक-दोन जायचेच. रात्री दहाला मी सायकलवरून पुन्हा एकदा कॉलेजात चक्कर मारायचो. करण्यासारखं काही नसायचं, तरी जायचो. सकाळी मेलेल्याची नोंद रजिस्टरात व्हायची, वेळेसह, आणि तिथे माझी सही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ साली प्रयोगांचे नियम आले. त्यानुसार संस्थेच्या समितीने परवानगी दिल्याशिवाय एक उंदीरही प्रयोगाला घेता येत नाही. तीस मागितले तर तीसच का, वीस का नकोत, याचं उत्तर द्यावं लागतं. जिथे एकेका उंदराचा हिशेब ठेवतात तिथे मी आयुष्य काढलं. म्हणून बातमीतून उंदीर गाळला जातो तेव्हा मला ते लागतं.

हृदयाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जायचा, त्याच्या पातळ चकत्या व्हायच्या आणि मॅसनचा ट्रायक्रोम नावाचा रंग देऊन काचेवर यायच्या. त्या रंगात स्नायू लाल दिसतो आणि व्रणातलं कोलॅजन, म्हणजे तंतूंचं प्रथिन, निळं. मॅडम बोलवायच्या, "मामा, बघा तुमचा उंदीर." चांगल्या हृदयाची काच म्हणजे लालभडक जमीन, मध्ये निळ्याचे दोन-चार बारीक धागे. इजा झालेल्याच्या काचेवर निळ्याचे डागच्या डाग, जणू लाल लुगड्यावर शाई सांडली आहे. त्या निळ्याचा खरा अर्थ मला आमच्या अण्णांच्या आजारात कळला.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू, वय सहासष्ट. वाळवा तालुक्यात आमची थोडी जमीन आहे, त्यातली पावणेदोन एकर दर वर्षी हळदीला. चार वर्षांपूर्वी हळद शिजवायचं काम चालू असताना त्यांच्या छातीत कळ आली. पित्त म्हणून त्यांनी सोडा प्यायला आणि काम संपवलं. मिरजेला पोचेपर्यंत सहा तास उलटून गेले होते. स्टेंट बसला, जीव वाचला. इकोच्या रिपोर्टवर हृदयाच्या पंपाची ताकद तीस टक्के लिहिली होती. निरोगी माणसाची पंचावन्न-साठ असते. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं, पुढच्या भिंतीवर पेनाने रेघा मारल्या आणि म्हणाले, "इथे आता स्नायू नाही, व्रण आहे. हा भाग हलत नाही." मला ती निळी काच दिसली.

आपल्याकडे विळा लागला की पहिल्यांदा हळद दाबतात. जखमेवर हळद हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाने त्याच गुणाचं पेटंट मिळवलं, तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून भांडण दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. मला त्याचा अभिमान वाटतो. पण कातडी पुन्हा उगवते, हृदयाचा स्नायू जवळजवळ उगवत नाही. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली हे मोजलं. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेला किरणोत्सारी कार्बन माणसांच्या पेशींत किती उतरला, त्यावरून त्यांनी हृदयाच्या पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. मेलेल्या स्नायूच्या जागी शरीर कोलॅजनचं ठिगळ लावतं. आणि ते ठिगळ लागतंच. नाहीतर रक्ताच्या दाबाने भिंतच फाटेल. त्रास पुढे होतो. ठिगळ लावणाऱ्या पेशी थांबत नाहीत, चांगल्या स्नायूतही कोलॅजन पसरवत राहतात आणि उरलेलं हृदय ताठ होत जातं. म्हणजे व्रणावरचं औषध पहिल्या आठवड्यात काय करतं आणि सहा महिन्यांनी काय करतं, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. बातमीत दोन्ही नव्हती.

आता अण्णांनी काय केलं ते सांगतो. गेल्या वर्षी याच विषयावरचं एक कात्रण त्यांना कुणीतरी यार्डात सौद्याच्या वेळी दिलं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हळदीचं कौतुक छापून आलेली कात्रणं आमच्याकडे हातोहात फिरतात. अण्णांनी ते खिशात जपून ठेवलं. रोज सकाळी चमचाभर हळद मधातून, मिऱ्याची पूड घालून, घ्यायला सुरुवात केली. आणि गोळ्या बंद केल्या. सगळ्या एकदम नाही. आधी स्पायरोनोलॅक्टोन सोडली, कारण तिने छातीच्या बोंड्या दुखायच्या आणि हे डॉक्टरांना सांगायची त्यांना लाज वाटली. मग एकेक करत बाकीच्या. घरात कुणाला पत्ता नाही. पाचव्या आठवड्यात पहाटे वहिनींचा फोन आला, "भावजी, ह्यांना आडवं पडवंना झालंय, बसूनच रात काढली. पाय बघा की कसं सुजल्यात." गाडी करून नेलं. चार दिवस अतिदक्षता विभागात काढले. ते घरी आले, हे आमचं नशीब.

यातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट अशी. अण्णांनी जी गोळी सर्वांत आधी सोडली, तिच्यामागेच माणसांवरचा भक्कम पुरावा आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हृदय फार अशक्त झालेल्या १,६६३ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोन दिली. त्या गटात मृत्यूचा धोका तीस टक्क्यांनी कमी झाला. त्याच रुग्णांपैकी काहींच्या रक्तात कोलॅजन तयार होत असल्याच्या खुणा मोजल्या, त्याही उतरल्या होत्या. म्हणजे व्रण वाढू नये म्हणून औषध शोधणाऱ्या आमच्या अण्णांच्या डब्यात ते औषध होतंच. साधी, जुनी, कमी किमतीची गोळी. तिची बातमी कधी झाली नाही. बोंड्या दुखतात एवढं डॉक्टरांना सांगितलं असतं तर तिच्या जागी दुसरी मिळते. आता त्यांना दुसरीच चालू आहे आणि त्रास नाही.

हळदीच्या मात्रेचा हिशेब मी पाटी-पेन्सिलने अण्णांना करून दाखवला, तो इथेही देतो. उंदराला किलोला २०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं असं धरा, प्रयोगांत हा आकडा नेहमी दिसतो. उंदराची मात्रा माणसाला लावताना ती साधारण सहाने भागतात, कारण लहान जिवाचं शरीर औषध भराभर जाळतं. मग साठ किलोच्या माणसाला जवळपास दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन झालं. आपल्या हळदपुडीत कर्क्युमिन असतं शंभराला तीनच्या आसपास. म्हणजे रोज पासष्ट ग्रॅम हळद. आमच्या घरी पाव किलोची पुडी महिनाभर पुरते, ती चार दिवसांत संपवावी लागेल. शिवाय प्रयोगात पूड नसते, कंपनीच्या बाटलीतलं शुद्ध केलेलं द्रव्य असतं. त्यात पुन्हा कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिऱ्यातल्या पिपरिनसोबत दिलं तर रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढतं. अण्णांचं मिरं तिथूनच आलेलं. पण पिपरिन ज्या वाटेने कर्क्युमिनला आत सोडतं, त्याच वाटेने दुसऱ्या औषधांचंही प्रमाण वर-खाली करू शकतं. हृदयाच्या सात गोळ्या चालू असलेल्या माणसाने हे डॉक्टरांना न सांगता करायचं नसतं.

मी हळदीच्या विरुद्ध लिहितोय असं कृपा करून समजू नये. हरिपूरची पेवं बघत मी लहानाचा मोठा झालो. जमिनीखाली वीस-वीस फूट खोल, वर्षानुवर्षं हळद टिकवणारी. २००५ च्या महापुरात त्यात पाणी शिरलं तेव्हा सडलेल्या हळदीचा वास आमच्या घरापर्यंत यायचा. हळदीने एकाचं जरी हृदय सावरलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. संशोधनही खोटं नाही. जपानमधल्या क्योटोच्या संशोधकांनी २००८ साली उंदरांत दाखवलं की कर्क्युमिन पेशीतलं एक विकर (एन्झाइम) अडवतं आणि हृदयाचं निकामी होणं त्याने रोखलं जातं. नावाजलेल्या नियतकालिकात छापलेलं काम आहे. प्रश्न तिथून माणसापर्यंत यायचा. थायलंडमध्ये २०१२ साली बायपास होणाऱ्या १२१ रुग्णांवर चाचणी झाली. ऑपरेशनच्या तीन दिवस आधीपासून कर्क्युमिनॉइड्स (कर्क्युमिन आणि त्याच्या जातीची हळदीतली द्रव्यं) दिलेल्यांत हृदयाच्या स्नायूला इजा १३ टक्क्यांना झाली, न दिलेल्यांत ३० टक्क्यांना. चांगली गोष्ट आहे, पण बघा, तिथेही औषध आधी. पुढे २०१८ साली कॅनडात महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, ऑपरेशनच्या ६०६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिच्यात फायदा दिसला नाही, उलट मूत्रपिंडाला इजा झालेले कर्क्युमिनच्या गटात जास्त निघाले. थायलंडची बातमी द्यायची असेल तर कॅनडाचीही द्यायला हवी.

वनस्पतीतून हृदयाचं औषध निघतं, याबद्दल मला शंका नाही. डिजॉक्सिन हे डिजिटॅलिसच्या पानांतलं. विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टराने १७८५ साली त्या पानांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा गुण न आलेल्या रुग्णांच्या नोंदीही त्याने त्यात ठेवल्या. सर्पगंधेचं घ्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचा तिचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष आपल्या मुळीकडे गेलं. वैद्य ती मुळी शतकानुशतकं देत होते, पण किती दिली, कुणाला दिली, काय झालं, हे मोजून मांडल्यावर तिचं औषध झालं.

म्हणून आपल्याला विनंती आहे. अशी बातमी छापताना मथळ्यातच 'उंदरांवरील प्रयोगात' हे शब्द घ्या. दोन शब्दांची जागा मथळ्यात निघते. मग पहिल्याच परिच्छेदात सांगा, औषध इजेच्या आधी दिलं का नंतर, आणि नंतर असेल तर किती दिवसांनी. उंदीर तरुण नरच होते का हेही विचारा, कारण आमच्याकडे तरी आठ-दहा आठवड्यांचे, ना साखर ना रक्तदाब असलेले नरच घेत आणि अण्णांसारख्या सहासष्ट वर्षांच्या मधुमेही माणसाशी त्यांचं फार थोडं जुळतं. मात्रा माणसाच्या हिशेबात लिहा. आणि शेवटी, चालू गोळ्या बंद करू नका, ही ओळ ठळक छापा. आमच्या भागात छापलेल्या शब्दाला अजून वजन आहे. अण्णा मोबाइलवर आलेल्याला हसतात, पण कात्रण खिशात जपून ठेवतात.

ज्या जिवांनी या प्रयोगांत प्राण दिले, त्यांच्यापासून जे कळलं ते जसंच्या तसं सांगितलं जावं, एवढं तरी मी त्यांचं देणं लागतो.

आपल्या पुरवणीच्या विभागाकडे त्या बातमीचं मूळ टिपण असेलच. त्या उंदरांना औषध आधी दिलं होतं की नंतर, तेवढं येत्या रविवारी त्याच पानावर छापावं. मी अण्णांना फोन करून वाचून दाखवीन.

आपला नियमित वाचक,
निवृत्त प्राणीगृह सहायक,
हरिपूर रस्ता, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)